पंचवीस वर्षे, पंचवीस अक्षरे

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-चार मुद्दे लिहून काढताना घातले आहेत.)



कमिटीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय मीच सुचवला. इंग्रजीतले लांबलचक शब्द आणि त्यातली अक्षरं शोधण्याचा खेळ. विषय ऐकून आपले सेक्रेटरी म्हणाले, "काका, याचा रौप्यमहोत्सवाशी काय संबंध?" संबंध आहे, आणि तो आपल्या गेटवरच्या पाटीवरच लिहिलेला आहे.

आपल्या पाटीवर संस्थेच्या नावापुढे तीन इंग्रजी शब्द आहेत. कोऑपरेटिव्ह, हाउसिंग, सोसायटी. आता मोजा. कोऑपरेटिव्ह : सी-ओ-ओ-पी-ई-आर-ए-टी-आय-व्ही-ई, झाली ११. मधे आडवी रेघ काढायची पद्धत आहे, ती अक्षरात धरू नका. हाउसिंग : एच-ओ-यू-एस-आय-एन-जी, ७. सोसायटी : एस-ओ-सी-आय-ई-टी-वाय, तीही ७. अकरा, सात आणि सात, बेरीज २५. बँकेतल्या सवयीप्रमाणे मी ही बेरीज वरून खाली आणि खालून वर, अशी दोनदा केली आहे. पंचवीस वर्षे आपण या पाटीखालून जा-ये करतो आहोत, आणि अक्षरंही बरोबर पंचवीस!

आता खेळ सांगतो. ही पंचवीस अक्षरं म्हणजे आपली शिल्लक. ओ चार आहेत. ई तीन, आय तीन. सी, टी आणि एस प्रत्येकी दोन. पी, आर, ए, व्ही, एच, यू, एन, जी आणि वाय प्रत्येकी एक. यातून शब्द बनवायचे. जेवढी शिल्लक तेवढाच खर्च, ओव्हरड्राफ्ट मिळणार नाही.

मी आधी आपल्या वार्षिक सभेतले शब्द घेऊन बसलो. वॉटर बनतो का? नाही, डब्ल्यूच नाही. पार्किंग? के नाही. लिफ्ट? एल नाही आणि एफही नाही. रिपेअर? त्याला दोन आर लागतात, आपल्याकडे एकच. म्हणजे पंचवीस वर्षे ज्या चार विषयांवर आपण रात्री साडेअकरापर्यंत भांडलो, त्यातला एकही विषय आपल्या पाटीत नाही.

मग पदाधिकारी घेतले. सेक्रेटरीला दोन आर लागतात, बनत नाही. ट्रेझररला तीन लागतात, तोही गेला. चेअरमनमधल्या एमचा पत्ता नाही. पण चेअर, म्हणजे नुसती खुर्ची, अगदी व्यवस्थित बनते. खुर्ची आहे, बसायला माणूस नाही! दर निवडणुकीला आपला अनुभव हाच आहे ना?

आणखी एक गंमत. नुसत्या कोऑपरेटिव्ह शब्दात ए आहे, ई आहे, आय आहे, ओ आहे. पण यू नाही. म्हणजे 'मी' आहे आणि 'तुम्ही' नाही. तो यू मिळतो हाउसिंगमध्ये. माणसं एकाच इमारतीत राहायला आली, तेव्हा कुठे मी आणि तुम्ही एकत्र आलो.

आता चांगले शब्द ऐका. पीस बनतो, म्हणजे शांतता. नॉइजही बनतो. पेशन्स बनतो. सिक्युरिटी बनतो. दहा अक्षरी जनरॉसिटी बनतो, म्हणजे मनाचा मोठेपणा. कॉन्स्पिरसी, म्हणजे कट, तोही दहा अक्षरांचा बनतो, पण आजच्या शुभदिनी तो बाजूला ठेवू. अकरा अक्षरी कोऑपरेशन अर्थातच बनतो. आणि माझ्या वहीत सगळ्यांत लांब निघाला तो बारा अक्षरांचा, सुपरस्टिशन, म्हणजे अंधश्रद्धा. तो पाटीत आहे, घरात नसू दे. यापेक्षा लांब शब्द कोणाला सापडला तर मला सांगा, माझ्याकडून त्याला डहाणूच्या चिकूंची एक पेटी.

मुलं विचारतील, आजोबा, हे शोधायचं कसं? डोळे मिटून आठवत बसायचं नाही. त्याची एक रीत आहे. आपण रेल्वेलाइनवरची माणसं, म्हणून मालगाडीचं उदाहरण घेतो. पालघर स्टेशनवर उभं राहिलं की मालगाडी संपता संपत नाही. पण तिचे डबे एकसारखे असतात, पुढे इंजिन असतं आणि मागे गार्डाचा डबा. इंग्रजीतला लांब शब्द असाच असतो. आधी शेवटचा डबा शोधा. आय-टी-वाय हा एक डबा. तो बाजूला काढून ठेवला की सिक्युरिटी, क्युरिऑसिटी, जनरॉसिटी भराभर सुचतात. टी-आय-ओ-एन हा दुसरा डबा. तो काढला की कोऑपरेशन, रेप्युटेशन, प्रिकॉशन. मग पुढचं इंजिन बघा : सी-ओ, आर-ई, आय-एन, पी-आर-ई. इंजिन आणि गार्डाचा डबा लागला, की मधे उरतात तीन-चार अक्षरं. तेवढी कोणालाही जुळवता येतात.

दुसरी रीत म्हणजे कोणतं अक्षर किती वेळा येतं हे ठाऊक असणं. इंग्रजीत ई सर्वांत जास्त येतो. हे जुन्या लोकांनी मोजून ठेवलं आहे. मोर्सच्या तारेच्या भाषेत ई म्हणजे फक्त एक टिंब आणि टी म्हणजे फक्त एक रेघ. जे अक्षर वारंवार पाठवायचं त्याला कमीत कमी श्रम. आपल्या देशातली तार २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली, पण माझ्या वयाच्या माणसाच्या छातीत तारवाला दारात दिसला की अजून धस्स होईल. तारेला शब्दावर पैसे पडायचे. त्यामुळे दोन छोट्या शब्दांचं काम एका लांब शब्दात झालं तर पैसे वाचत. लांब शब्दाचा मला तेव्हापासूनच आदर आहे.

घराघरात खेळतात त्या स्क्रॅबलचं मूळही असंच आहे. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन आर्किटेक्ट १९३० च्या दशकातल्या मंदीत बेकार झाला. त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजली आणि त्या हिशोबाने खेळाच्या सोंगट्या ठरवल्या. म्हणून शंभर सोंगट्यांत ई बारा आहेत, आणि क्यू व झेड एकेकच, पण त्यांना गुण दहा-दहा. जे दुर्मिळ त्याचा भाव जास्त, हा बाजाराचाच नियम.

आणि एक गंमत सांगतो. इंग्रजी शब्दाच्या शेवटी जे हे अक्षर जवळजवळ कधी येत नाही. जे थोडे शब्द आहेत त्यांत राज आणि ताज हे आपल्याकडून गेलेले. दोन्ही इंग्रजी शब्दकोशात आहेत. साहेब इथून पुष्कळ घेऊन गेला, त्यात जेने संपणारे शब्दही नेले.

मराठी शब्दकोड्यात हा खेळ वेगळा होतो. आपल्या कोड्यात एका घरात अख्खं अक्षर काना-मात्रा-वेलांटीसकट बसतं, जोडाक्षरसुद्धा एकाच घरात मावतं. इंग्रजीत स्वर सुटा आणि व्यंजन सुटं. म्हणून अक्षरांची अदलाबदल तिथे जास्त सोपी. आपल्या बोईसरचंच पाहा. मराठीत बो-ई-स-र कसंही फिरवा, हाती काही लागत नाही. इंग्रजीत लिहा : बी-ओ-आय-एस-ए-आर. आता फिरवा : आय-एस-ओ-बी-ए-आर. आयसोबार! सहाच्या सहा अक्षरं तीच.

आयसोबार म्हणजे काय, हे भूगोल शिकणाऱ्या मुलांना विचारा. हवामानाच्या नकाशावर हवेचा सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणारी रेघ, समदाब रेषा. या रेषा नकाशावर एकमेकींच्या जवळ आल्या की वारा जोराचा. सातपाटीच्या आणि डहाणूच्या ज्या बांधवांची बोट समुद्रात आहे, त्यांच्यासाठी ही रेघ किती महत्त्वाची आहे हे मी सांगायला नको. आणि अणुशास्त्रात आयसोबारचा दुसरा अर्थ आहे. ज्या अणूंचा वस्तुमानांक सारखा, पण मूलद्रव्य वेगळं, ते एकमेकांचे आयसोबार. आरगॉन-४०, पोटॅशियम-४० आणि कॅल्शियम-४० ही त्याची उदाहरणं. एकीकडे समुद्र, दुसरीकडे १९६९ पासून चालू असलेलं तारापूरचं अणुवीज केंद्र, आणि मधल्या स्टेशनच्या नावात दोन्हीकडचा शब्द लपलेला. हा निव्वळ योगायोग आहे, पण आपल्या गावाच्या वाट्याला आलेला आहे, म्हणून जपून ठेवू.

आता बँकेतले शब्द सांगतो, नाहीतर माझी पेन्शन कापतील. टाइपरायटर हा दहा अक्षरी शब्द टाइपरायटरच्या एकट्या वरच्या ओळीतल्या अक्षरांवर लिहिता येतो. तुमच्या मोबाइलवर करून बघा. त्याच ओळीत प्रोप्रायटर, म्हणजे मालक, हाही बसतो. तोही दहा अक्षरांचा. दुसरा माझा लाडका शब्द बुककीपर, हिशोब लिहिणारा. बी, मग दोन ओ, दोन के, दोन ई, मग पी-ई-आर. लागोपाठ तीन जोड्या! नेहमीच्या वापरात असा शब्द बुककीपर आणि त्याचाच भाऊ बुककीपिंग, बस्स. डबल एन्ट्रीचा हिशोब लिहिणाऱ्याचं नावही डबल एन्ट्रीत, हे मला फार आवडतं.

पण बँकेत मी लांब शब्दांची दुसरी बाजूही पाहिली. कर्जाच्या कागदावर हायपोथिकेशन असा तेरा अक्षरांचा शब्द असतो. टेम्पो घेणारा, बोटीचं इंजिन घेणारा, दुकानात माल भरणारा, प्रत्येक जण त्या शब्दाखाली सही करतो. अर्थ सोपा आहे : वस्तू तुमच्याच ताब्यात राहील, वापरा, पण तिच्यावर बोजा बँकेचा. सोनं ठेवून कर्ज घेतलं तर दागिना बँकेच्या तिजोरीत जातो, त्याला म्हणतात प्लेज. एवढाच फरक. पण तेरा अक्षरं एकदम अंगावर आली की शिकलेला माणूससुद्धा विचारत नाही. मान खाली घालतो आणि म्हणतो, "साहेब, सही कुठे करू?" अर्थ विचारणारे फार थोडे भेटले.

ही भीती लांबीची असते. शब्दाची नसते. मराठीत आपण किंकर्तव्यविमूढ असा शब्द बिनधास्त वाचतो, कारण शाळेत गुरुजींनी संधी सोडवायला शिकवलं. किम्, कर्तव्य, विमूढ. काय करावं हे न सुचलेला. गृहनिर्माण शब्द फोडून सांगायला कोणी शब्दकोश उघडत नाही. तीच विद्या इंग्रजीला लावायची, इतकंच.

साता समुद्रापलीकडे आपली मुलं ती कशी लावतात ते ऐका. अमेरिकेत दरवर्षी स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा होते. २०१९ साली ती मध्यरात्र उलटून गेली तरी संपेना. वीस फेऱ्या झाल्या आणि आठ मुलं बरोबरीत विजेती ठरली. त्यात एक होता डॅलसचा सोहम सुखटणकर. आडनाव ऐकून तुमच्यासारखे माझेही कान टवकारले. त्याला शेवटी आलेला शब्द होता पेंडेलोक, म्हणजे दागिन्यात लोंबता बसवतात तो नासपतीच्या आकाराचा खडा. शब्दाच्या शेवटी ऐकू येतो नुसता क, आणि लिहायचं क्यू-यू-ई. या स्पर्धेत मुलाला विचारायची मुभा असते की शब्द कोणत्या भाषेतून आला, त्याचा अर्थ काय, वाक्यात कसा येतो. शब्द फ्रेंचमधून आला आहे असं कळलं की शेवटचा डबा कोणता असू शकेल याचा अंदाज बांधता येतो. पाठांतर प्रचंड लागतं, पण नुसत्या पाठांतरावर तिथवर पोहोचता येत नाही. शब्द फोडता यावा लागतो.

आता इंग्रजी शब्दकोशातला सर्वांत लांब म्हणून ओळखला जाणारा शब्द घेऊ. पंचेचाळीस अक्षरं आहेत. मुलांनो, माझ्यामागून म्हणा. न्यूमोनो. अल्ट्रा. मायक्रोस्कोपिक. सिलिको. व्होल्कॅनो. कोनिओसिस. झाला! न्यूमोनो म्हणजे फुप्फुस. अल्ट्रा मायक्रोस्कोपिक म्हणजे सूक्ष्मदर्शकातूनही दिसायला कठीण इतकं बारीक. सिलिको म्हणजे सिलिका, वाळूत आणि दगडात असते ती. व्होल्कॅनो म्हणजे ज्वालामुखी. कोनिओसिस म्हणजे धुळीने होणारा विकार. अमेरिकेतल्या कोडी सोडवणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षांनी १९३५ साली हा शब्द मुद्दाम लांबलचक बनवला. म्हणजे शब्द गंमत म्हणून जन्माला आला.

पण त्याच्या पोटातला आजार गमतीचा नाही. त्याचं रोजच्या वापरातलं नाव सिलिकोसिस, नऊ अक्षरांचं. दगडखाणीत, क्रशरवर, काच आणि ओतकामाच्या ठिकाणी ही बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसं कडक होत जातात. एकदा झाल्यावर पूर्ववत करणारं औषध नाही. धूळ ओली ठेवणं, ती खेचून घेणारी यंत्रणा लावणं, योग्य मास्क वापरणं, म्हणजे आधीच टाळणं, एवढाच मार्ग आहे. आपल्या सोसायटीतली निम्मी घरं एमआयडीसीच्या पगारावर उभी राहिली. रसायनांच्या ड्रमवर केवढी लांब नावं असतात ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. दहावीपर्यंत शिकलेला ऑपरेटर ती नावं घडाघडा म्हणतो, कारण रोज तो त्यांना डब्याडब्याने ओळखतो. ही त्याची हुशारी घरी मुलांपुढेही सांगायला हवी. "बाबांना इंग्रजी येत नाही" असं म्हणणाऱ्या मुलाला एकदा ड्रमवरचं लेबल वाचायला द्या, मग कळेल कोणाला काय येतं.

इतका वेळ खेळ झाला. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिकडे येतो.

माझ्या वयाच्या मंडळींनो, हात वर करा बरं, रोज किमान दोन गोळ्या कोण घेतं? बघा, मागच्या रांगेत एकही हात खाली नाही. आता सांगा, त्या गोळ्यांची नावं काय? "ती सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी." बरोबर ना? नाव लांब असतं म्हणून आपण रंग पाठ करतो. कंपनी बदलली की रंग बदलतो आणि आपली पंचाईत होते.

गोळीच्या पट्टीवर दोन नावं असतात. एक कंपनीने ठेवलेलं, छोटं आणि चटकदार. ते मालकीचं नाव. दुसरं आतल्या औषधाचं, लांब. ते कोणाच्या मालकीचं नसतं. मघाचा प्रोप्रायटर आठवा. या दुसऱ्या नावाला म्हणतात नॉनप्रोप्रायटरी, मालक नसलेलं. ही नावं जागतिक आरोग्य संघटना ठरवते. त्यांची पहिली यादी १९५३ साली निघाली. आणि त्या नावांत तीच युक्ती आहे जी आपण इतका वेळ खेळलो. एका कुळातल्या औषधांना शेवटचा डबा एकच.

लिहून घ्या. शेवटी सार्टन आलं, उदाहरणार्थ टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ते रक्तदाबाचं. शेवटी डिपिन, जसं अम्लोडिपिन, तर तेही रक्तदाबाचं, पण कूळ वेगळं. शेवटी ओलॉल, जसं अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, तर ते हृदयाची गती आणि दाब कमी करणारं. व्हास्टॅटिन आलं, अटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन, तर कोलेस्टेरॉलचं. ग्लिप्टिन आलं, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, तर साखरेचं. प्राझोल आलं, पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, तर पित्ताचं. सिलिन आलं, जसं अमॉक्सिसिलिन, तर ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं. ज्यांना पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्यांनी हा डबा दिसताच थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

अपवादही आहेत. एरिपिप्राझोलच्या शेवटी प्राझोल ऐकू येतं, पण ते पित्ताचं औषध नव्हे, मानसिक आजारावरचं आहे. म्हणून डबा ओळखून आपण डॉक्टर होत नाही. डबा ओळखून आपण प्रश्न विचारायला लायक होतो.

आपल्याच सोसायटीतल्या एका आजींची गोष्ट सांगतो. त्यांनी परवानगी दिली आहे, नाव मात्र घेत नाही. त्यांचं रक्तदाबाचं औषध इथल्या डॉक्टरांचं चालू होतं. मधे त्या महिनाभर मुंबईला मुलाकडे होत्या, तिथे दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून गोळी दिली. पहिलीची चिठ्ठी बरोबर नव्हती. परत आल्यावर त्या दोन्ही गोळ्या घेऊ लागल्या. एकीचं खोकं निळं, दुसरीचं पांढरं, कंपन्या वेगळ्या, छोटी नावं वेगळी. आठ-दहा दिवसांनी त्यांना उठताना चक्कर यायला लागली. घरचे म्हणाले, वय झालं, उन्हाळा आहे, ताक घ्या.

त्यांची नात सातवीत, मराठी माध्यमात. रविवारी आमच्या पार्किंगमधल्या शब्दखेळाला येते. आम्ही शेवटच्या डब्याचा खेळ खेळत होतो, आणि गृहपाठ दिला होता की घरातल्या कोणत्याही पाच वस्तूंवरचे लांब शब्द लिहून आणा. तिने आजीच्या दोन पट्ट्यांवरची नावं उतरवून आणली. वही माझ्यापुढे धरून म्हणाली, "आजोबा, हे दोन शब्द वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत, पण पहिलं अक्षर ते शेवटचं, अगदी एकच आहेत. मग दोन शब्द धरायचे की एक?" दोन्हीकडे टेल्मिसार्टन होतं. मी तिच्या वडिलांना वर हाक मारली, त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी त्या दिवशीच बोलावलं, दाब पाहिला आणि एक गोळी बंद केली. आठवड्यात चक्कर थांबली. आजी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. नातीला सायन्समधलं काहीही माहीत नव्हतं. तिला फक्त लांब शब्दाची भीती उरली नव्हती.

म्हणून आपल्या रौप्यमहोत्सवी वर्षासाठी माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली. प्रत्येक घरात ज्येष्ठांच्या गोळ्यांची एक यादी करा. त्यात पट्टीवरचं लांब नाव लिहा, किती मिलिग्रॅम ते लिहा आणि केव्हा घ्यायची ते लिहा. ही यादी पाकिटात ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना आधी ती पुढे करा. जन औषधी केंद्रात तर औषध याच लांब नावाने मिळतं, म्हणजे यादीचा तिथेही उपयोग. आणि पट्टी कापताना नाव छापलेला भाग शेवटपर्यंत ठेवा. आपण नेमका तोच आधी कापतो.

दुसरी. यादीत एकच नाव किंवा एकच शेवटचा डबा दोनदा दिसला, तर मनाने कोणतीही गोळी बंद करू नका. डॉक्टरांना विचारा. कधी कधी एकाच आजाराला दोन वेगळ्या कुळांची औषधं मुद्दाम दिलेली असतात, कधी एकाच गोळीत दोन औषधं असतात. मघा आपल्या पंचवीस अक्षरांतून प्रिकॉशन हा शब्द निघाला होता. सावधगिरी. त्यात ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर एकेकदा येतात. एवढा पूर्ण शब्द आपल्याच पाटीत आहे, तर वापरू.

तिसरी सूचना मुलांसाठी. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्यांनी शेजारच्या घरातले घ्या. सोसायटीत एकटे राहणारे सहा-सात ज्येष्ठ आहेत, मुलं पुण्यात, बंगळूरला, परदेशात. महिन्यातून एका रविवारी त्यांच्याकडे जाऊन पट्ट्यांवरची नावं वाचून यादी जुळवून द्यायची. अर्धा तास लागतो. त्यांना सोबत मिळेल आणि तुम्हाला लांब शब्द मिळतील. इंग्रजी माध्यमाची मुलं आणि मराठी माध्यमाची मुलं अशी जोडी करून पाठवू, म्हणजे एकाचा उच्चार आणि दुसऱ्याची संधी सोडवण्याची सवय, दोन्ही कामाला येतील. सेक्रेटरींनी या यादीसाठी नोटीस बोर्डाचा एक कोपरा द्यायचं कबूल केलं आहे. सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे विसरणार नाहीत.

मित्रहो, २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आपल्या डोळ्यांदेखत भातशेतीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. नव्या गोष्टींबरोबर लांब लांब शब्दही आले. फॉर्मवर, बिलांवर, विम्याच्या कागदावर, गोळ्यांच्या पट्टीवर. ते काही कमी होणार नाहीत. तेव्हा लांब शब्द दिसला की सही करण्याआधी आणि गोळी गिळण्याआधी क्षणभर थांबा, शेवटचा डबा बघा, आणि नाही कळला तर विचारा. विचारायला आपल्याकडे माणसं आहेत. एका गेटच्या आत राहतो आपण.

माझी पंधरा मिनिटं केव्हाच संपली आहेत, अध्यक्ष घड्याळाकडे तिसऱ्यांदा बघत आहेत. पेशन्स हा शब्द आपल्या पाटीत आहे हे त्यांनी सिद्ध केलं, त्याबद्दल त्यांचे आभार. यादी करायची आहे त्यांनी जेवणानंतर मला भेटा, वही आणि पेन मी बरोबर आणलं आहे.